शाश्वत दिनदर्शिका आणि परिग्रहाची मर्यादा

पर्पेच्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफ हा मनगटी घड्याळांतील सर्वांत गुंतागुंतीच्या आणि म्हणून सर्वांत महाग प्रकारांपैकी एक. त्याच्या तबकडीवर तास, मिनिटे आणि सेकंदांबरोबर वार, तारीख, महिना आणि बहुधा लीप वर्षाच्या चक्रातले चालू वर्ष व चंद्राची कलाही दिसते. महिना ३० दिवसांचा की ३१, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे यंत्रच ओळखते आणि तारीख आपोआप बदलते. जोडीला बटण दाबताच सुरू होणारा आणि पुन्हा दाबताच थांबणारा कालमापक असतो. वेळ पाहायला असे एक घड्याळ पुरेसे असते. ते घेणारे मात्र सहसा एकावर थांबत नाहीत. दुसरे, तिसरे येते, मग तिजोरीत त्यांच्यासाठी वेगळा कप्पा होतो आणि वापराच्या वस्तूचा संग्रह बनतो.

मुंबईच्या घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांत या हौसेला धार्मिक बाजूही येते. येथे जैन वस्ती दाट आहे. गुजराती, कच्छी आणि मारवाडी श्वेतांबरांबरोबर कोल्हापूर-सांगलीकडून आलेले मराठी दिगंबरही येथे राहतात. अपरिग्रह हे जैन धर्माच्या पाच व्रतांपैकी एक असून चातुर्मासातील व्याख्यानांत परिग्रह हा नेहमीचा विषय असतो. त्यामुळे दोन प्रश्न पुढे येतात. 'शाश्वत' म्हणवणारे यंत्र ज्या काळाची मोजदाद करते, तो काळ खरोखर त्या यंत्रात असतो का? आणि अशा यंत्रांचा संग्रह गृहस्थाला कुठवर शोभतो?

यंत्र किती शाश्वत असते

साध्या तारखेच्या घड्याळात ३१ दात्यांचे चक्र रोज मध्यरात्री एक दाता पुढे सरकते. महिना ३१ दिवसांपेक्षा लहान असला की तारीख हाताने लावावी लागते, आणि ही वेळ वर्षातून पाचदा येते. पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये या चक्राच्या जोडीला आणखी एक लहान चकती असते. ती चार वर्षांत एक फेरी पुरी करते आणि तिच्या कडेवर ४८ महिन्यांच्या ४८ जागा असतात. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांच्या जागी कड अखंड असते. ३० दिवसांच्या १६ महिन्यांसाठी उथळ खाचा असतात, तीन साध्या फेब्रुवारींसाठी खोल खाचा, आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीसाठी त्यांच्याहून किंचित उथळ अशी एक खाच. एक लांब तरफ या कडेला टेकून चालते. ती खाचेत जितकी खोल उतरते तितकी महिनाअखेरीस तिची झेप मोठी, आणि तितके जास्त दाते ती एका रात्रीत पुढे ढकलते. घड्याळाची 'स्मृती' म्हणून जिचे कौतुक होते ती म्हणजे धातूच्या कडेवरच्या या वीस खाचा.

ही रचना मनगटी घड्याळात प्रथम १९२५ साली जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या कारखान्याने बसवली. त्याच कारखान्याने १९४१ मध्ये पर्पेच्युअल कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ एकत्र असलेले १५१८ क्रमांकाचे घड्याळ नियमित उत्पादनात आणले. या प्रकारचे ते जगातले पहिलेच. त्याचे सुमारे २८१ नग तयार झाले. १९८५ साली आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कारखान्यात कुर्ट क्लाउस या घड्याळजीने 'दा विंची' हे घड्याळ घडवले. त्यात वार, तारीख, महिना आणि चंद्रकला या सगळ्यांची जुळणी एकाच किल्लीने होते. या सोयीची एक अटही आहे. तारीख चुकून पुढे गेली तर ती मागे आणता येत नाही. घड्याळ बंद ठेवून जगाची तारीख तिथवर येण्याची वाट पाहावी लागते.

'शाश्वत' या विशेषणाला पहिली मर्यादा किल्लीचीच आहे. स्प्रिंगला ताण मिळाला नाही तर दोन-तीन दिवसांत यंत्र थांबते आणि त्याबरोबर दिनदर्शिकाही थांबते. संग्रहातली बहुतेक घड्याळे एका वेळी बंदच असतात, नाहीतर विजेवर गोल फिरणाऱ्या पेटीत ठेवून ती चालू राखावी लागतात. जुन्या धाटणीच्या घड्याळात बंद काळातले दिवस भरून काढायचे तर केसच्या कडेतली बारीक बटणे टोकदार सळईने एकेक दाबत वार, तारीख, महिना आणि चंद्र वेगवेगळे लावावे लागतात. मध्यरात्रीच्या आसपास, यंत्र स्वतः तारीख बदलत असताना, हे करू नये असे घड्याळजी बजावतात, कारण त्या वेळी दाते मोडण्याचा धोका असतो.

दुसरी मर्यादा ग्रेगरियन गणनेची आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दिनदर्शिका सुधारली, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला गेला. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात नसेल तर ते लीप वर्ष धरायचे नाही, असा नियमही त्याच वेळी आला. चार वर्षांत फिरणाऱ्या चकतीला हा नियम ठाऊक नसतो. त्यामुळे १ मार्च २१०० रोजी ही बहुतेक घड्याळे २९ फेब्रुवारी दाखवतील आणि ती हाताने पुढे न्यावी लागतील. मनगटी घड्याळांच्या इतिहासात ही चूक अजून एकदाही घडलेली नाही. १९०० नंतर असे वर्ष आलेलेच नाही, कारण २००० हे ४०० ने भागले जात होते. म्हणजे या यंत्राची शाश्वती अजून कसोटीला लागायची आहे.

व्यवहारकाल आणि निश्चयकाल

काळ म्हणजे काय, याची चिकित्सा भारतीय दर्शनांनी फार बारकाईने केली आहे. वैशेषिक दर्शन काळाला नऊ द्रव्यांपैकी एक मानते. त्या मते काळ एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे. 'आधी', 'नंतर', 'एकाच वेळी' या व्यवहारांवरून त्याचे अनुमान होते. दिवस, महिने हे त्याचे भाग आपण सोयीसाठी पाडतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्याची भूमिका उलट आहे. तेथे क्षण तेवढा वस्तुभूत असून क्षणांची साखळी बुद्धीने रचलेली आहे. दोन क्षण कधीही एकत्र नसतात, तेव्हा दिवस आणि रात्र या नावाची वस्तू बाहेर कुठे नसते.

जैन विचाराने या दोन टोकांमध्ये एक भेद आणला. निश्चयकाल म्हणजे वस्तूंच्या परिणमनाला, क्षणोक्षणी बदलण्याला साहाय्य करणारे तत्त्व. व्यवहारकाल म्हणजे सूर्य-चंद्रांच्या गतीवरून ठरणारे मुहूर्त, दिवस, पक्ष, मास, वर्ष. निश्चयकालाबद्दल संप्रदायांत मतभेद आहे. दिगंबर परंपरा काळाला स्वतंत्र द्रव्य मानते. लोकाकाशाच्या, म्हणजे विश्वाने व्यापलेल्या अवकाशाच्या, प्रत्येक प्रदेशावर एकेक कालाणू असून राशीतल्या रत्नांसारखे ते एकमेकांत मिसळत नाहीत, असे वर्णन नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहात येते. श्वेतांबर आचार्यांपैकी अनेकांच्या मते काळ हा जीव-अजीवांचा पर्याय, म्हणजे बदलती अवस्था, असून वेगळे द्रव्य नाही. तरीही घड्याळ जे दाखवते तो व्यवहारकाल, याविषयी दोघांत वाद नाही.

या व्यवहारकालाची एकके उपनगरांतल्या उपाश्रयांत, म्हणजे जैन साधनागृहांत, रोज वापरात असतात. सामायिक हे श्रावकाचे, म्हणजे जैन गृहस्थाचे, समभावात बसण्याचे व्रत एका मुहूर्ताचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. कटासणे हे आसन अंथरून, तोंडापुढे धरायचे वस्त्र म्हणजे मुहपत्ती हाती घेऊन बसलेल्यांपुढे लाकडी चौकटीतले वाळूचे घड्याळ ठेवलेले असते, आणि वाळू खाली उतरली की सामायिक पुरे होते. शास्त्रात याच मुहूर्ताचे १,६७,७७,२१६ आवलिका असे भाग पाडले असून प्रत्येक आवलिकेत असंख्य 'समय' मानले आहेत. समय हा काळाचा अविभाज्य अंश. १९४१ च्या क्रोनोग्राफवर सामायिक मोजायचे तर त्याचा ३० मिनिटांचा लहान काटा एक फेरी पुरी करून पुढे १८ मिनिटे जातो. वाळू आणि काटा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी साधक दोघांकडून एकच काम घेतो.

नवकारशीचे पच्चक्खाण, म्हणजे सकाळी काही न खाण्यापिण्याचा नियम, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी सुटतो आणि चोविहार, म्हणजे रात्री अन्नपाणी वर्ज्य करण्याचा नियम, सूर्यास्ताला लागतो. मुंबईत सूर्य जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या सुमारास. त्यामुळे नवकारशीची वेळ वर्षभरात जवळजवळ सव्वा तास पुढेमागे होते. लाखो रुपयांच्या घड्याळात ही वेळ नसते. ती जैन संघाने छापलेल्या कोष्टकात पाहावी लागते.

तिथीचा हिशोब तर चार वर्षांच्या चकतीत मावणाराच नाही. तिथीची लांबी साधारण १९ ते २६ तासांच्या दरम्यान बदलते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, म्हणून तिथींचा क्षय आणि वृद्धी होते, म्हणजे एखादी तिथी गळते तर एखादी दोन दिवस येते. १९ वर्षांत सात अधिक मास येतात. क्षयमास फार क्वचित येतो आणि शेवटचा १९८२-८३ मध्ये आला. पंचांगकर्त्याला दरवर्षी नव्याने गणित करावे लागते आणि त्या गणिताचा अर्थ लावण्यावरूनही मतभेद होतात. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या तपागच्छात पर्वतिथीचा क्षय किंवा वृद्धी मान्य करायची की नाही, यावरून 'एक तिथी' आणि 'दोन तिथी' असे पक्ष विसाव्या शतकात पडले. मूर्तिपूजकांची संवत्सरी, म्हणजे वर्षातला क्षमायाचनेचा दिवस, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, स्थानकवासीयांची पंचमीला. एकाच उपनगरातले शेजारी वेगवेगळ्या दिवशी क्षमापना करतात.

नागरी वेळही करारानेच ठरते, याचा मुंबईइतका ठळक दाखला दुसरा नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यामागे ३९ मिनिटे होती. लोकमताच्या विरोधामुळे महापालिकेने आपली घड्याळे 'बॉम्बे टाइम'वरच ठेवली आणि ही पद्धत १९५५ पर्यंत टिकली. रेल्वे मात्र प्रमाणवेळेने धावत होती. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. त्याआधी उपनगरातून शहरात नोकरीला जाणारा माणूस एकाच दिवसात दोन वेळा पाळणाऱ्या व्यवस्थांत वावरत असे. दोन्ही वेळा आपापल्या जागी बरोबर होत्या, कारण दोन्ही संकेत होते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. संग्राहकाच्या तिजोरीत काळ नसतो. तेथे एका विशिष्ट करारानुसार चालणाऱ्या मोजमापाची अत्यंत सुबक साधने असतात.

परिग्रहाची व्याख्या

उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र दोन्ही संप्रदायांना मान्य आहे. त्यात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा या एका शब्दाने केली आहे. मूर्च्छा म्हणजे वस्तूविषयीचे ममत्व, तिच्यात गुंतून भान हरपणे. या व्याख्येने वस्तूपेक्षा मनाला पकडले आहे. म्हणूनच परिग्रहाचे आभ्यंतर आणि बाह्य असे दोन प्रकार मानतात. मिथ्यात्व, क्रोध, मान, माया, लोभ आदी १४ आभ्यंतर परिग्रह. धन, धान्य, क्षेत्र, वास्तू, रूपे, सुवर्ण, कुप्य, द्विपद आणि चतुष्पद हे नऊ बाह्य. कुप्य म्हणजे सोने-चांदी सोडून इतर धातू आणि घरातले सामानसुमान.

या यादीत मनगटी घड्याळ कुठे बसवायचे? धातू पाहावा तर सोन्याचे घड्याळ सुवर्णात आणि पोलादाचे कुप्यात. पण बाजारभाव ही उतरंड उलटी करतो. पाटेक फिलिपचे १५१८ बहुतांशी सोन्यात बनले. पोलादातले चारच नग माहीत आहेत. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हातील लिलावात १ कोटी १० लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. ती किंमत तेव्हा सोन्याच्या नगाच्या कैक पट होती. धातूने कुप्यात मोडणारी वस्तू सुवर्णाला मागे टाकते, ती दुर्मीळ आहे आणि अनेकांना एकाच वेळी हवी आहे म्हणून. तिच्या किमतीत धातूचा वाटा नगण्य, कारागिरीचा काही आणि इतरांच्या अभिलाषेचा सर्वांत मोठा. मूर्च्छेची व्याख्या येथे अगदी शब्दशः लागू पडते. बाह्य परिग्रहाचे मोलच आभ्यंतर परिग्रहाने ठरवलेले असते.

साधूचा अपरिग्रह संपूर्ण असतो, पण गृहस्थाकडून तशी अपेक्षा नाही. त्याचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. प्रत्येक प्रकारच्या वस्तूची कमाल मर्यादा त्याने स्वतः ठरवायची आणि ती गुरूंसमोर घ्यायची. मर्यादा मोठी असली तरी चालते, ती आधी ठरलेली असली पाहिजे. मूर्च्छा मोजता येत नाही, पण वस्तू मोजता येतात. म्हणून परंपरेने मनाचा रोग संख्येच्या पथ्याने आवरायचा मार्ग काढला.

माणूस पथ्यातून पळवाट काढतो, हेही शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. बाराव्या शतकातले आचार्य हेमचंद्र योगशास्त्रात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाध आणणारे दोष, सांगतात आणि ते कसकसे घडतात हेही उलगडतात. एक शेत ठेवण्याचे व्रत असलेला माणूस शेजारचे शेत घेऊन मधले कुंपण काढतो आणि 'शेत एकच आहे' म्हणतो. हे योजन. मर्यादेपलीकडचे सोने व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. हे दान. जास्तीचे धान्य विसार देऊन विकणाऱ्याकडेच बांधून ठेवतो. हे बंधन. गाभण जनावराच्या पोटातले वासरू मोजणीत धरत नाही. हा गर्भ. भांड्यांची संख्या वाढू नये म्हणून दोन लहान भांडी मोडून एक मोठे करून घेतो. हा भाव.

आठ-नऊ शतकांपूर्वीची ही यादी आजच्या घड्याळसंग्रहाला जशीच्या तशी लागते. पाचच घड्याळे ठेवायची असे ठरवून त्यांपैकी दोन विकून एक दुप्पट किमतीचे घेतले तर तो भावाचा अतिचार. सहावे घड्याळ मुलाच्या नावावर घेऊन आपल्याच तिजोरीत ठेवले तर दानाचा. कारखान्याच्या प्रतीक्षायादीत पैसे भरून नाव घालून ठेवले आणि 'अजून हातात आलेले नाही' म्हटले तर बंधनाचा. दिनदर्शिकेचे एक आणि क्रोनोग्राफचे एक अशा दोन घड्याळांऐवजी दोन्ही एकाच केसमध्ये असलेले घेतले तर कुंपण काढलेल्या शेताचाच तो प्रकार.

सरकारही आता या वस्तू मोजू लागले आहे. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून महाग मनगटी घड्याळ विकताना दुकानदाराने ग्राहकाकडून १ टक्का कर गोळा करून भरायचा असतो. घड्याळ वेळ पाहण्यापुरते राहिलेले नाही, हे प्राप्तिकर खात्याच्या लेखी नोंदले गेले. पण कायदा किंमत पाहतो. व्रत धारण करणाऱ्याकडे पाहते.

संग्राहकांची तीन समर्थने

संग्रहाच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात आणि ते तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला युक्तिवाद असा, की मूर्च्छा नसेल तर संग्रह हा परिग्रह नव्हे. त्यासाठी जैन तत्त्वचिंतक श्रीमद् राजचंद्रांचा दाखला देता येतो. सौराष्ट्रातील ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले राजचंद्र मुंबईत जवाहिराचा व्यापार करत. मोती आणि हिरे यांचे ते नामांकित पारखी होते. इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींना ते १८९१ साली मुंबईत भेटले. मोठा सौदा संपताच त्यांच्या हाती धर्मग्रंथ किंवा आपली टिपणवही येई, अशी आठवण गांधीजींनी आत्मचरित्रात दिली आहे. रत्ने हातांतून रोज जात असूनही मन त्यांत न गुंतणे शक्य आहे, हे या उदाहरणाने दिसते. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. त्यांच्या हातून रत्ने जात होती, साठत नव्हती. आणि स्वतः राजचंद्र पत्रांमधून या व्यवहाराला उपाधी, म्हणजे जंजाळ, म्हणत राहिले, आयुष्याच्या अखेरीस त्यांनी व्यापारही सोडला. १९०१ साली, चौतिशीही गाठली नसताना, त्यांचे निधन झाले. निर्मोही धनिकाचे उत्तम उदाहरणही शेवटी त्यागाकडेच बोट दाखवते.

दुसरा युक्तिवाद कलेच्या जतनाचा. स्वस्त आणि अधिक अचूक क्वार्ट्झ घड्याळे १९७० च्या दशकात बाजारात आली, तेव्हा यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळला. पुढे तो सावरला त्यात संग्राहकांचा मोठा हात होता. त्यांनी पैसे मोजले नसते तर दाते कापणे, पाती घासून चकचकीत करणे, काटे जुळवणे ही कौशल्ये थोड्याच लोकांपाशी उरली असती. हे समर्थन खरे आहे, परंतु ते खरेदीला लागू पडते, साठवणुकीला नाही. कारागिराला काम मिळते ते घड्याळ घडताना आणि दुरुस्तीला आल्यावर. बंद कप्प्यातले तेल वाळत जाणारे यंत्र कोणाच्याही कौशल्याचे जतन करत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत चतुर आहे आणि तो जाहिरातीतून आला. आपले घड्याळ घेणारा त्याचा मालक होत नाही, तो पुढच्या पिढीसाठी ते सांभाळतो, असे पाटेक फिलिप १९९६ पासून सांगत आली आहे. हा विचार गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या अगदी जवळचा वाटतो. फरक आहे तो लाभार्थी कोण या मुद्द्यावर. गांधीजींच्या कल्पनेत धनिक समाजाच्या वतीने धन सांभाळतो. जाहिरातीत बाप मुलाच्या वतीने सांभाळतो. वस्तू घराबाहेर जात नाही, म्हणून ममत्वाचा परीघ तेवढाच राहतो. हेमचंद्रांच्या यादीतला दानाचा अतिचार येथे पिढ्यान्‌पिढ्यांपर्यंत लांबवलेला असतो.

लिलाव, बोली आणि अक्षयनीवी

घड्याळ आणि अपरिग्रह यांचा सर्वांत विपरीत योग खुद्द गांधीजींच्या बाबतीत घडला. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर आणि १९४४ साली आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटल्यावर ते अंधेरीजवळ जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते. त्यांची दिनचर्या मिनिटांनी बांधलेली असे आणि कमरेला खिशातले घड्याळ अडकवलेले असे. येरवडा तुरुंगातून १९३० साली आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी अस्तेय आणि अपरिग्रह यांचा संबंध उलगडून दाखवला. ज्याची गरज नाही ते जवळ ठेवणे हीही एक प्रकारची चोरीच, असा त्यांचा आशय होता. त्यांचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली आणि उद्योगपती विजय मल्ल्या यांनी ती १८ लाख डॉलरना घेतली. ज्या माणसाने घड्याळ केवळ वापरले, त्याचेच घड्याळ न वापरता ठेवण्याची वस्तू झाले. वस्तू तीच राहिली आणि तिच्याभोवतीची मूर्च्छा वाढली.

लिलावाचा दुसरा प्रकार उपनगरांतल्या देरासरांत, म्हणजे जैन मंदिरांत, पर्युषण पर्वात पाहायला मिळतो. महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी महावीरांच्या आई त्रिशला यांच्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा उतरवण्याचा मान बोलीने दिला जातो. आकडे वाढत जातात, चुरस लागते. अनेक ठिकाणी बोली अजून तुपाच्या मणांत पुकारण्याची चाल आहे आणि मणाचा रुपयातला दर ठरलेला असतो. जिनिव्हातल्या लिलावाशी याचे वरवरचे साम्य पुष्कळ आहे. मान, ईर्षा, नावाचा पुकारा हे सगळे येथेही असते आणि आचार्य त्याबद्दल कानउघाडणीही करतात. पण बोली जिंकणाऱ्याच्या घरी काहीच येत नाही. त्याचे धन जाते आणि मिळते ती क्षणभराची सेवा. जिनिव्हात धनाच्या बदल्यात वस्तू येते आणि तिच्याबरोबर विमा, तिजोरी आणि पुढच्या भावाची काळजीही येते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत याहून जुना दाखला आहे. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगरात भिक्षू सुमारे हजार वर्षे राहिले. भिक्षूच्या मालकीच्या वस्तू म्हणजे तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. त्यांच्या पोषणासाठी व्यापारी आणि गृहस्थ 'अक्षयनीवी' ठेवत. मुद्दल कायम राखायचे आणि त्याच्या उत्पन्नातून पावसाळ्यात भिक्षूंना वस्त्रे द्यायची, अशी ती ठेव. नवव्या शतकाच्या मध्यास गौड देशाहून आलेल्या गोमिन अविघ्नाकराने १०० द्रम्मांची, म्हणजे तत्कालीन नाण्यांची, अशी ठेव ठेवल्याचा लेख तेथे कोरलेला आहे. धन अक्षय करण्याची इच्छा त्यालाही होती. मात्र त्या अक्षयतेचे फळ त्याच्या घरात न येता अनोळखी भिक्षूच्या अंगावर जायचे होते.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन निकष हाती येतात. पहिला, मर्यादा खरेदीआधी ठरावी, आणि ती नगांत तशी रुपयांतही असावी, नाहीतर भावाचा अतिचार टळत नाही. दुसरा, घड्याळ वापरात असावे. मनगटावरचे घड्याळ साधन आहे. तिजोरीत थांबून राहिलेल्या शाश्वत दिनदर्शिकेत तारीखही खरी नसते. तिसरा, मर्यादेबाहेरचे जे असेल ते घरातल्या दुसऱ्या नावावर न जाता घराबाहेर जावे. विकून आलेले पैसे कुठे द्यावेत यासाठी श्रावकाला जिनबिंबापासून श्राविकेपर्यंत सात क्षेत्रे सांगितलेली आहेत आणि त्यांशिवाय अनुकंपादान आहेच.

जैन शास्त्र गृहस्थाला सुंदर आणि महाग वस्तू बाळगायला मनाई करत नाही. ते त्याच्याकडून आकडा मागते. आकडा आधी दिला असेल आणि पाळला असेल तर पाच घड्याळांचा धनीही व्रतस्थ ठरतो. दिला नसेल तर परिग्रह पहिल्याच घड्याळापासून सुरू होतो.